फ्रेममधे कोणी नको

फोटो बघून मावशीने दोन प्रश्न विचारले. पहिला, "अगं, वाळवंटात गेली होतीस ना? मग उंट कुठाय?" आणि दुसरा, "पण तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. दुसऱ्याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हे लिहायला बसले. मावशी, चष्मा लाव आणि सावकाश वाच, जरा लांबलंय.

वाळवंट म्हटलं की आपल्याला जैसलमेर आठवतं. वाळूच्या लाटा, उंटांची रांग, मागे मावळता सूर्य. कच्छचं छोटं रण यातल्या कशातच बसत नाही. तिथे वाळू नाहीच. आहे तो चिखल, वाळून भेगा पडलेला, राखाडी, कुठे कुठे वर मिठाची साय धरलेला. आणि सपाट म्हणजे किती सपाट, तर परातीत पीठ पसरल्यावर आई हाताने सारखं करते ना, तसं. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती अशा नद्यांचं पाणी आणि आखाताकडून आत शिरणारं समुद्राचं पाणी मिळून हा सगळा प्रदेश उथळ पाण्याखाली जातो. दिवाळीच्या आसपास पाणी ओसरतं आणि जमीन उघडी पडते. मधे मधे जे उंचवटे पाण्याबाहेर राहतात त्यांना तिथली माणसं 'बेट' म्हणतात. शब्द अगदी आपलाच. उन्हाळ्यात भर कोरड्या जमिनीवर उभं राहून ड्रायव्हर हात करून सांगतो, "ते बघा, बेट", तेव्हा गंमत वाटते खरी.

जाहिरातीत दिसतं ते पांढरंशुभ्र रण वेगळं. ते धोरडोकडचं, मोठ्या रणातलं. तिथे तंबू, उत्सव, सगळी सोय. आम्ही गेलो ते छोट्या रणात. छोटं नुसतं नावाला! जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपली मुंबई उपनगरांसकट आठेक वेळा मावेल. हा जवळपास सगळा पट्टा १९७३ पासून अभयारण्य आहे, आणि ते कोणासाठी, तर रानगाढवांसाठी. तिकडे त्याला घुडखर म्हणतात. ऑफिसमधे रजेचं कारण 'गाढवं बघायला जातेय' असं सांगितल्यावर जे काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तर यंदा फेब्रुवारीत आम्ही सात जण आणि आमचे फोटोग्राफीचे सर असे रात्रीच्या गाडीने विरमगामला उतरलो आणि तिथून जीपने दसाड्याकडे. चार दिवस. प्रवासवर्णन लिहायचा विचार नाहीये, बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी कशी होती ते भेटल्यावर सांगेन. पण फोटो काढायला हे किती अवघड ठिकाण आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक म्हणजे कॅमेऱ्यातलं मीटर. ते बिचारं असं धरून चालतं की जग सरासरीने राखाडी असतं. त्याच्यापुढे नुसतं पांढरं मीठ धरलं की ते घाबरतं, आणि फोटो असा काळवंडून देतं की मीठ आहे का सिमेंट कळू नये. म्हणून दीड-पावणेदोन स्टॉप आपण वर द्यायचे. दुसरं म्हणजे हवा. सकाळी साडेआठ-नऊच्या पुढे जमिनीवरची हवा तापून थरथरायला लागते. तुमच्याकडे कितीही लांब लेन्स असो, दूरचं घुडखर पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखं हलतं. एका सकाळी तर चार घुडखरांच्या पोटाखाली चक्क तळं होतं. आमच्यातल्या एकाने घाईघाईने बूट काढायला घेतले. :) मृगजळ हा शब्द शाळेपासून वापरतोय आपण, पण ते इतकं ओलं दिसतं हे माहीत नव्हतं. आणि तिसरं, सगळ्यात मोठं म्हणजे, फ्रेममधे ठेवायचं काय? डोंगर नाही, झाड नाही, रस्त्याचं वळण नाही. कडेकडेला वेडी बाभूळ, बाकी एक आडवी रेघ, वर आकाश आणि खाली जमीन.

या रेघेचं काय करायचं याचं आमच्या सरांकडे उत्तर तयार होतं. सर म्हणजे खरंच तयारीचा माणूस, त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले, त्यामुळे पुढचं वाचून गैरसमज नको. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं, रणाचा विषय एकच, रितेपण. रेघ खाली घ्या, आकाश मोठं ठेवा, एखादंच घुडखर किंवा तेही नको. आणि फ्रेममधे कोणी नको. विजेचा खांब नको, ट्रकच्या चाकोऱ्या नकोत, दुसऱ्या जीपची धूळ नको. चुकून आलंच तर घरी जाऊन पुसून टाका, आता ते एका टिचकीचं काम आहे.

माझा वाद इथून सुरू होतो.

कारण चार दिवसांत आम्ही जिथे जिथे गेलो तिथे माणसं होती. नुसती होती असं नाही, आठ आठ महिने राहत होती. अगरिये. मीठ पिकवणारे. 'पिकवणारे' हा माझा शब्द नाही, ते स्वतः मिठाला पीकच म्हणतात. आपल्याकडे मिठागर म्हणतो त्यातलं आगर आणि आपल्या ठाणे-रायगडातल्या आगरी या नावातलं आगर, तेच अगरियातही आहे. पण आपली मिठागरं खाडीच्या कडेला, भरतीचं पाणी आत घेऊन. यांचा समुद्र जमिनीखाली आहे. रणात खाली जे पाणी लागतं ते समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट खारट असतं. पाणी ओसरलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात ही कुटुंबं खारागोडा, पाटडी, आसपासच्या गावांतून पोरंबाळं, भांडी, गोधड्या ट्रॅक्टरमधे घालून रणात येतात. विहीर किंवा बोअर घ्यायची, खारं पाणी उपसायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, आणि पुरेसं दाट झालं की शेवटच्या वाफ्यात सोडायचं. हा शेवटचा वाफा आधी पायांनी तुडवून घट्ट करायचा, म्हणजे पाणी खाली मुरत नाही. घरातले सगळे रांगेत, पावलापुढे पाऊल, दिवसेंदिवस. मग खडा धरायला लागला की रोज लाकडी दाताळं फिरवायचं, म्हणजे खडे एकमेकांना चिकटून लादी होत नाही. मोठा, टपोरा खडा मिळायला मार्च-एप्रिल उजाडतो. मधे अवकाळी पाऊस आला, किंवा कालव्याचं जादाचं पाणी रणात शिरलं (हेही होतं, नर्मदेचं गोडं पाणी, ज्याची सगळ्यांना एरवी आस असते), तर वाफ्यातलं मीठ विरघळून गेलं. परत पहिल्यापासून. देशातल्या मिठापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त गुजरातचं असतं. त्यातला या मंडळींच्या खड्याला जागेवर किलोमागे रुपयासुद्धा पडत नाही. आपण पाकिटावर किती देतो ते वाचक मंडळी जाणतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अशाच एका वाफ्यावर उतरलो. नवरा-बायको, नवऱ्याची आई, सोळा-सतराचा मुलगा आणि एक छोटी. काठ्यांवर पोती आणि निळं प्लास्टिक टाकून केलेली झोपडी, पाण्याची टाकी, एक मोटरसायकल आणि झोपडीपेक्षा मोठे, चकचकीत, सूर्याकडे तोंड करून उभे सोलर पॅनल. आमच्या सरांनी कपाळाला हात लावला. त्यांना हवी होती ती चौकट अशी, पहाटेचा केशरी प्रकाश, वाफ्यातल्या पाण्याचा आरसा, आणि त्यात दाताळं ओढणारी एक काळी आकृती. पॅनल जिकडून बघावं तिकडून आड येत होते.

मी तोवर त्या बाईंशी बोलत होते. बोलत म्हणजे काय, त्यांचं गुजराती, माझं हिंदी आणि दोन्हीकडचे हातवारे. त्यांनी मला विचारलं, "बेन, आमां शुं जोवा जेवुं छे?" यात बघण्यासारखं काय आहे? (मावशी, बघ!) मी म्हटलं, मीठ कसं होतं ते बघायचंय. त्यांनी मला मीठ दाखवलं नाही. त्या मला थेट पॅनलकडे घेऊन गेल्या. पूर्वी डिझेल इंजिनावर पाणी उपसायचे. व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, त्यातला मोठा हिस्सा डिझेलवर जायचा, आणि हंगाम संपला की हिशोबात हातात काय उरायचं ते त्यांनी मूठ उघडून दाखवलं. मग सरकारी अनुदानातून पॅनल आले. त्या पॅनल पुसत होत्या. रोज पुसतात. मीठ बसतं ना त्यावर.

आणि मग फोटोचा विषय निघाला. मुलगा म्हणाला, आमचा सगळ्यांचा काढा ना. दहा मिनिटं थांबा म्हणाले. आजीने नवं लुगडं नेसलं, छोटीला पावडर लागली, मुलाने केस ओले करून भांग पाडला. मोटरसायकल ढकलत आणून शेजारी लावली, आणि सगळे उभे राहिले ते पॅनलच्या बरोब्बर पुढे. तोवर सूर्य वर आला होता, प्रकाश कडक, सरांच्या भाषेत 'मेलेला'. मी सहा-सात फोटो काढले. मुलाने तिथल्या तिथे माझ्याकडून मोबाईलवर मागून घेतले आणि पाच मिनिटांत स्टेटसला लावले. रणात नेटवर्क येतं बरं का, मुलुंडच्या आमच्या जिन्यात येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की त्या जागेचा फोटो कसा असावा याबद्दल त्या कुटुंबाचं एक स्पष्ट मत होतं, आणि ते आमच्या मताच्या नेमकं उलट होतं. आम्हाला जे जे पुसायचं होतं ते ते त्यांना दाखवायचं होतं.

आता कोणी म्हणेल, आवडीनिवडीचा प्रश्न आहे, त्यात वाद कसला? एरवी मीही तेच म्हटलं असतं. घरच्या पार्श्वभूमीला गॅस सिलिंडर आला तर आपणही सरकवतोच की. पण छोट्या रणाच्या बाबतीत रिकामी फ्रेम नुसती फ्रेम राहत नाही, आणि हे मला त्याच मुलाच्या वडलांकडून कळलं. मग घरी येऊन मी त्यावर जे मिळालं ते वाचलं.

या सगळ्या प्रदेशाची स्वातंत्र्यानंतर जमीन-मोजणी झाली नाही. म्हणून सरकारी बोलीत त्याचं नाव 'सर्व्हे नंबर झिरो'. सातबारा नाही, गट नंबर नाही, मालक नाही, कूळ नाही. १९४८ साली दहा एकरांपर्यंत मीठ पिकवायला परवाना लागणार नाही असं सरकारने ठरवलं, तेव्हा कित्येकांकडे कागद असा नव्हताच, लागलाच नाही. पुढे १९७३ ला अभयारण्य झालं. अभयारण्य झालं की आत कोणाचे काय हक्क आहेत हे ठरवावं लागतं, ते काम १९९७ ला सुरू झालं. आठ महिने रणात राहणाऱ्या, कागदाशी फारसा संबंध नसलेल्या माणसांना त्या नोटिसा किती कळल्या असतील, याची कल्पना आपण आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरून करावी. यादीत नावं कमीच आली. आणि मग २०२३ च्या हंगामाच्या तोंडावर, यादीत नाव नाही त्यांना रणात जायला मनाई झाली. आजोबा-पणजोबांपासून जिथे मीठ काढलं तिथे तुम्ही अनधिकृत! आरडाओरडा झाला, निवेदनं झाली, आणि सप्टेंबर २०२३ मधे सरकारने दहा एकरांपर्यंतच्या पारंपरिक अगरियांना परत वाट मोकळी केली. हा दिलासा आहे, मालकी नव्हे. शून्य अजून शून्यच आहे.

अशा जागी 'इथे कोणीच नसतं' असं सांगणारे हजारो देखणे फोटो दरवर्षी तयार होतात. मी असं म्हणत नाही की आमच्या सरांचा फोटो बघून कोणी अधिकारी नोटीस काढतो. इतकं कोण फोटो बघतंय! पण एखाद्या जागेबद्दल शहरातल्या माणसाचं मन कशावर तयार होतं? चित्रांवरच ना. आपल्या डोक्यात रण म्हणजे रितं असं एकदा बसलं, की तिथून कोणाला हटवलं ही बातमी वाचताना आपल्याला प्रश्नच पडत नाही, कारण तिथे कोणी होतं हेच आपल्याला माहीत नसतं. 'ओसाड', 'पडीक', 'निर्जन' हे शब्द कागदावर लिहायला मग जड जात नाहीत. पलीकडे मोठ्या रणाच्या कडेला खावड्याजवळ सत्तर हजार हेक्टरांहून मोठ्या जागेवर वीजनिर्मितीचं उद्यान उभं राहतंय, ३० गिगावॅटचं. २०२० साली त्याची पायाभरणी झाली. त्याबद्दलही 'ओसाड जमिनीचा सदुपयोग' असंच बहुतेक ठिकाणी वाचलं. सूर्याची वीज हवीच, अगरियांच्या पॅनलपुढे उभं राहून मी ती नको कशी म्हणेन? पण ओसाड कुणासाठी, हे विचारायला हवं. गुरं चारणाऱ्या मालधाऱ्यांसाठी ती कधीच ओसाड नव्हती, आणि त्या भागातल्या उथळ पाण्यात घरटी करणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठीही नाही.

सरांशी यावर जेवणाच्या पानावर दोन रात्री वाद झाला. त्यांचा मुद्दा टाकाऊ नव्हता, म्हणून तोही लिहिते. ते म्हणाले, हे अभयारण्य प्राण्यासाठी आहे. तो प्राणी १९६० च्या आसपास रोगाने मरून मरून काही शेकड्यांवर आला होता. जगात हा भारतीय उपप्रकार राहिलाय तो एवढ्याच परिसरात. मग आपण त्याचं घर दाखवायचं का त्यात शिरलेले ट्रक? बरोबर आहे. पण त्याच घुडखरांची २०२४ च्या गणनेतली संख्या ७,६७२ आहे, चार वर्षांपूर्वी ती ६,०८२ होती. या सगळ्या वाढीच्या काळात अगरिये तिथेच मीठ काढत होते. घुडखर आणि अगरिया एकमेकांना ओळखतात, म्हणजे निदान आमच्या जीपइतके घाबरत तरी नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्याच गटातल्या दोघांनी 'धावतानाचा शॉट' पाहिजे म्हणून ड्रायव्हरला कळपामागे जीप घालायला सांगितली. हा प्राणी ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत पळतो, आणि गाभण माद्या असतात त्यात. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि चावी खिशात घातली. मला त्या चार दिवसांतला सगळ्यात आवडलेला क्षण तोच, आणि त्याचा फोटो कोणाकडेच नाही.

सरांचा दुसरा मुद्दा, माणसं दाखवतो की आम्ही! सिल्हूट काय असतं मग? तर सिल्हूटबद्दल माझं मत असं. ती आकृती सुंदर दिसते याबद्दल दुमत नाही. पण तिला चेहरा नसतो, वय नसतं, ती कोणीही असू शकते आणि म्हणून कोणीच नसते. तिच्यामागे पॅनल नाही, मोटरसायकल नाही, म्हणजे ती कोणत्याही शतकातली असू शकते. आणि अशा फोटोखाली ओळ ठरलेली, अगरियांचे पाय मिठाने इतके राठ होतात की चितेत जळत नाहीत. गेल्या काही वर्षांत ही ओळ मी इतक्या फोटोंखाली वाचली आहे की ती आता मजकूर न राहता फ्रेमचीच एक पट्टी झाली आहे. त्यात तथ्य आहे का नाही याच्या वादात मी शिरत नाही, पायांना होणाऱ्या जखमा आणि त्वचेचे विकार खरेच आहेत. पण माणूस मेल्यावर त्याच्या पायांचं काय होतं एवढंच सांगणाऱ्या फोटोपेक्षा, तो जिवंत असताना त्याला गमबूट मिळतात का, प्यायच्या पाण्याचा टँकर किती दिवसांनी येतो, पोरं शाळेत कशी जातात हे सांगणारा फोटो मला जास्त हवासा वाटतो. पोरांसाठी रणात एसटीच्या मोडीत काढलेल्या बसमधे शाळा भरतात, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? आतमधे बाकं, फळा, खिडकीतून दिसणारं नुसतं मीठ. काय फोटो आहे तो! पण बस म्हणजे 'डिस्टर्बन्स'.

हे जमू शकतं हे दाखवणारं उदाहरण आहे. फरीदा पाचा यांचा 'माय नेम इज सॉल्ट' हा २०१३ चा माहितीपट मिळाला तर जरूर बघा. एकाच कुटुंबाचा एक अख्खा हंगाम, निवेदन नाही, कोणी काही समजावून सांगत नाही. इंजिन जमिनीतून उकरून काढण्यापासून सुरुवात. पावसाळ्याआधी ते चिखलात पुरून ठेवलेलं असतं! आणि दिसायला? आमच्या सगळ्यांच्या रिकाम्या फ्रेमा एकत्र केल्या तरी त्याच्या जवळ जाणार नाहीत. म्हणजे सौंदर्य आणि माणूस यातलं एक निवडावं लागतं हा समज मुळातच खरा नाही.

परत आल्यावर क्लबच्या प्रदर्शनासाठी आम्ही फोटो दिले. माझ्या तिघांपैकी निवडला गेला तो पहाटेच्या घुडखराचा, नाकातोंडातून वाफ येत असलेला. चांगला आहे, मलाही आवडतो. पॅनलपुढच्या कुटुंबाचा परत आला, 'कौटुंबिक छायाचित्र, प्रवेशिकेच्या विषयात बसत नाही' अशा शेऱ्यासह. विषय होता 'रण'. मी भांडायला गेले नाही, परीक्षक आमच्यासारखेच हौशी आणि सज्जन लोक आहेत. फक्त तो फोटो मी इथे सगळ्यात वर लावला आहे, आणि त्या घरातल्या सगळ्यांना विचारून. नावं घालू का म्हटलं तर बाई म्हणाल्या, नावाचं कागदावर झालं की मग घाला.

हे सगळं लांब गुजरातेत घडतं असं वाटत असेल तर पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना विक्रोळी-भांडुप-मुलुंडच्या बाजूला बघा. माझं लहानपण त्या मिठागरांकडे बघत गेलं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग, वर गवताने शाकारलेले. आता त्या जमिनींबद्दल जे जे छापून येतं त्यात 'मोकळी जागा' हा शब्द हमखास असतो. आणि खाडीवर रोहित पक्षी आले की आम्ही सगळे मोठ्या लेन्सा घेऊन जातो आणि पलीकडचे टॉवर, विजेच्या तारा, कोळ्याची होडी टाळून गुलाबी रांग तेवढी उचलून आणतो. बघणाऱ्याला वाटावं आफ्रिकाच! ठाण्याची खाडी तिच्या टॉवरांसकट आणि तारांसकट पक्ष्यांनी स्वीकारली आहे, कॅमेरेवाल्यांना तेवढं जमत नाही.

कुटुंबाच्या फोटोच्या चार मोठ्या प्रती मी लॅमिनेट करून कॅम्पच्या ड्रायव्हरकडे पाठवल्या. मिठाच्या हवेत साधा कागद टिकणार नाही म्हणून. पोचल्याचा निरोप मुलाने पाठवला, सोबत बोलून पाठवलेला आईचा संदेश. त्याचा मराठीत सारांश असा, की फोटो छान आलेत, पण तुम्ही आलात तेव्हा मीठ कुठे होतं, नुसतं पाणी होतं. एप्रिलमधे ढीग लागतात तेव्हा या, तेव्हा फोटो काढा. आणि त्या दुसऱ्या भाऊंनाही आणा, ते सारखे पॅनलवर रागवत होते ते.

एप्रिलमधे तिथे बेचाळीसच्या पुढे पारा असतो, प्रकाश सकाळी सातलाच मरतो, आणि घुडखर सावली शोधत बेटांवर जाऊन बसलेले असतात. गटातलं कोणी तयार नाही. मी विरमगामचं तिकीट काढून ठेवलंय. सरांनाही विचारलंय, त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही.